शेण, तांदूळ आणि अख्खं डहाणू

निसर्गचित्रकार म्हटलं की एक ठरावीक माणूस डोळ्यांपुढे येतो. डोक्यावर टोपी, पुढ्यात इझल, शेजारी रंगांची पेटी आणि समोर झकास सूर्यास्त. डहाणू-तलासरीच्या सगळ्यात मोठ्या निसर्गचित्रकाराकडे यातलं काहीही नव्हतं. रंग एकच, पांढरा, तोही तांदळाच्या घराण्यातला. कापड शेणाने सारवलेलं. ब्रश म्हणजे बांबूची काडी. आणि सूर्यास्ताचं म्हणाल, तर चित्रात क्षितिजच नाही. बिचारा सूर्य मावळणार कुठे?

नाव जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४, धामणगाव, तालुका तलासरी. आयुष्य गेलं डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात. पद्मश्री २०११ साली. निधन १५ मे २०१८. सरकारी कागदावर ते 'वारली चित्रकार', हस्तकलेच्या दुकानात 'लोककलावंत'. माझं म्हणणं असं की या माणसाला निसर्गचित्रकारांच्या पंगतीत, आणि तेही पहिल्या पाटावर बसवायला हवं. पटत नसेल तर पुढे वाचा. पटत असेल तरी वाचा, कारण वाटेत गमतीजमती पुष्कळ आहेत.

लावताना न दिसणारा रंग

सुरुवात चुलीपासून करू, रंगाचं दुकान तिथेच आहे. तांदूळ भिजवायचे, पाट्यावर वाटायचे, पाणी घालून पातळ करायचे, भिंतीला धरून राहावेत म्हणून थोडा डिंक. झाला रंग. घराची भिंत कुडाची, म्हणजे कारवीच्या काड्या उभ्या बांधून वरून शेणमातीने लिंपलेली. तिच्यावर गेरूचा हात फिरवला की झाली पार्श्वभूमी. बांबूची काडी टोकाला चावून तंतू मोकळे केले की ब्रशही तयार. एकूण खर्च नगण्य.

खरी मजा पुढे आहे. वाटलेल्या तांदळाचं हे पाणी ओलं असताना धड दिसत नाही. रेघ ओढली की ती गेरूत जिरल्यासारखी वाटते, आणि वाळत आली की पांढरीफेक वर येते. म्हणजे काढणाऱ्या बाईने आत्ता काय काढलं ते तिला जरा वेळाने कळणार! खोडायची सोय नाही आणि दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघण्यात अर्थ नाही. हाताला पाठ असेल तेच भिंतीवर उतरतं.

'बाई' म्हटलं ते चुकून नव्हे. वारल्यांची चित्रं मुळात बायकांची. लग्नघरी भिंतीवर चौक काढायचा मान सवाशिणींचा. लग्न लावते तीसुद्धा बाईच, तिला धवलेरी म्हणतात आणि तिची गाणी झाल्याशिवाय पुढे काही हलत नाही. चौकाच्या मधोमध पालघट देवी, जवळच घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. चौकोनाच्या चारी कडांना बारीक नक्षी, आणि नक्षीबाहेर झाडं, जनावरं, नाचणारी माणसं. भिंतीवर पालघट आल्याशिवाय लग्न पुरं होत नाही.

आणि लग्न आटोपल्यावर? पुढच्या सारवणाखाली चौक गडप. फ्रेम नाही, संग्रहालय नाही, सहीचा तर प्रश्नच नाही. म्हणून 'वारली चित्रकला अमुक हजार वर्षं जुनी' असं ठोकून दिलेलं वाचलं की माझी भुवई आपोआप वर जाते. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांमधल्या आकृत्यांशी चेहरामोहरा जुळतो, हे मान्य. पण सारवणाबरोबर पुसल्या जाणाऱ्या भिंतीचं वय कशावरून काढणार?

जाता जाता आणखी एक. लग्नाचा खर्च झेपत नसेल तर या भागात जोडपी आधी संसार थाटतात आणि पैसे जमले की लग्न लावतात. बापाचं आणि मुलाचं लग्न एकाच मांडवात लागल्याचीही उदाहरणं आहेत. शहरातल्या काकूंना हे सांगून पाहा, चेहरा बघण्यासारखा होतो.

पोराचं बोलणं थांबलं

जिव्या सात वर्षांचा असताना आई गेली. त्या धक्क्याने पोराची वाचाच बसली, आणि काही सांगायचं झालं की तो धुळीत काढून दाखवायचा, असं त्यांच्याविषयी लिहिणारे सगळे सांगतात. पुढे अकराव्या वर्षाच्या सुमारास धामणगाव सुटलं आणि मुक्काम कळंबीपाड्याला आला. धुळीतल्या रेघा मात्र सुटल्या नाहीत.

रेघा धुळीतून भिंतीवर चढल्या तेव्हा एक पेच होता. भिंत बायकांची आणि चित्राला निमित्त लग्नाचं. लग्न नाही, सण नाही, तरी रोज उठून चित्र काढत बसणारा बाप्या गडी म्हणजे पाड्याच्या दृष्टीने अजब प्रकरण. म्हसे काढत राहिले. मुहूर्त न बघता काढायचं, म्हणजे विषयही मुहूर्ताबाहेरचे हवेत. ते दाराबाहेर हजर होतेच: पेरणी, आवणी, ओढ्यातले मासे, ताडाची झाडं, कोंबडे, वारूळ.

१९४५

हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. जिव्या अकरा वर्षांचा होता ते हेच वर्ष. याच वर्षी २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वेठबिगारीला तिथे ठाम नकार दिला गेला. ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह काही वारली मारले गेले. आणि याच वर्षी के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं.

चित्रांच्या लेखात लढा कशाला, असं वाटेल. तर त्या लढ्यातला एक शब्द ऐका: लग्नगडी. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं, बहुतेक वेळा जन्मभर. म्हणजे ज्या लग्नासाठी भिंतीवर तो सुंदर चौक निघे, तेच लग्न गळ्यातला फास होई. गोदावरीबाईंनी हा काळ 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कॅलेंडरवरची गोंडस वारली माणसं बघताना ही बाजू कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगून टाकली.

दोन कला, एक कुलकर्णी

हा या फीचरमधला माझा लाडका तुकडा. १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमध्ये लोकांना काहीतरी मिळकत व्हावी म्हणून हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी एका मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठवलं. नाव भास्कर कुलकर्णी, नोकरी मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात. भिंतींवर चित्रं काढणाऱ्या तिथल्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला आणि 'मधुबनी' हे नाव जगभर झालं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर फिरताना दिसतात. कागद, गेरू, पांढरा रंग असं सामान बरोबर घेऊन. इथे त्यांना जिव्या म्हसे सापडले, किंवा म्हशांना कुलकर्णी सापडले म्हणा. देशातल्या दोन सगळ्यात गाजलेल्या भित्तिचित्रपरंपरा एकाच माणसाच्या हातून कागदावर आल्या, आणि त्या माणसाचं नाव महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक आहे? शाळेच्या चित्रकलेच्या सरांना विचारून बघा.

कागद आल्यावर गाडी सुसाट. १९७५ मध्ये मुंबईत जहांगीर कला दालनाच्या इमारतीतल्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या माँतों शहरात चित्रं रवाना. ज्या कलेला सारवणाबरोबर पुसून जायची सवय, तिला आता व्हिसा लागू लागला.

म्हसे कापडावर आले तरी शेण सोडलं नाही. कापडाला शेणाचा किंवा गेरूचा हात द्यायचा आणि त्यावर पांढऱ्याने काढायचं. युरोपातल्या संग्रहालयात काचेआड, नियंत्रित तापमानात, अत्यंत अदबीने जपलेलं कळंबीपाड्याचं शेण! मला ही कल्पना फार आवडते.

क्षितिज गेलं कुठे?

आता मुद्द्यावर येऊ. मुंबईत जे. जे. स्कूलच्या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या निसर्गचित्रं झाली, उत्तमही झाली. त्यांची एक अट असते. चित्रकार एका जागी बसतो. तिथून जे दिसतं ते मोठं-लहान, जवळ-लांब, उजेड-सावली अशा हिशेबाने कागदावर येतं. घड्याळही त्या चित्रात असतंच, कारण सावलीवरून सकाळ की संध्याकाळ ते कळतं.

म्हशांच्या चित्रात शेत वरून दिसतं, घारीला दिसेल तसं. त्याच शेतातला बैल बाजूने दिसतो. घर समोरून, आणि भिंत असूनही आत दळणारी बाई दिसते. विहीर वरून गोल, शेजारचं झाड उभं. सावली कुणालाच नाही. लांबची माणसं लहान होत नाहीत, जवळची झाडं मोठी होत नाहीत. एका कोपऱ्यात राब भाजतायत, दुसरीकडे आवणी चालली आहे, तिसरीकडे खळ्यावर मळणी. वर्षाची सगळी कामं एकाच चौकटीत, आणि गर्दी असूनही गोंधळ नाही.

मग बघणारा उभा आहे तरी कुठे? कुठेच नाही. तो चालतोय. पाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बांधावरून, ओढ्यातून, कुणाच्या ओसरीवर टेकत. जे जिथून नीट कळतं ते तिथून बघायचं आणि तसंच मांडायचं. शेताची आखणी वरूनच कळते, बैलाचं वशिंड बाजूनेच कळतं. यात भाबडेपणा शोधणाऱ्यांनी एकदा बसून शेत आणि बैल दोन्ही एकाच जागेवरून काढून बघावेत.

व्याकरण म्हणाल तर तीन आकारांचं. गोल सूर्य-चंद्राचा, त्रिकोण डोंगराचा आणि झाडाचा, चौकोन माणसाने आखलेल्या पवित्र जागेचा, अशी नेहमीची फोड. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस. आता ही युक्ती बघा: कंबर म्हणजे एक बिंदू, म्हणून वरचा त्रिकोण हवा तिकडे कलवता येतो. आवणी करणारी बाई वाकते, झोडणी करणारा मागे झुकतो, नाचणारा गिरकी घेतो, सगळं त्या एका बिंदूवर. नाक-डोळे नाहीत, तरी कोण दमलंय ते कळतं.

म्हशांचा हात खरा कळतो तो दोन विषयांत. पहिला, मासे धरायचं जाळं. पालघरच्या ग्रामीण भागात पहिल्या पावसात ओढ्यानाल्यांतून मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, त्या वलगणीच्या माशांसाठी अख्खं गाव बाहेर पडतं. म्हसे जाळं काढतात ते बारीक बारीक रेघांचं. ते मधे फुगतं, कडेला आवळतं आणि बघता बघता बहुतेक कापड व्यापून टाकतं. नजर एका जागी ठेवून बघितलं तर जाळं हलल्याचा भास होतो. दुसरा विषय मुंग्या आणि वारूळ. मुंगी म्हणजे रंगाचा एक टिपका आणि चार केसाएवढ्या रेघा, आणि अशा मुंग्यांची रीघच्या रीघ. त्यात एकीसारखी दुसरी नाही, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही.

माणसं, पाखरं, जनावरं, किडे, सगळं रात्रंदिवस हालत असतं आणि ते हालणं म्हणजेच जगणं, अशा अर्थाचं ते सांगत. चित्रांत हे दिसतं. स्थिर अशी वस्तू सापडत नाही. झाडसुद्धा पानन्‌पान वेगळं काढलेलं असल्यामुळे वारं लागल्यासारखं दिसतं. निसर्ग म्हणजे समोरचा देखावा, ही आपली समजूत इथे साफ बाद होते.

पाठ न दाखवण्याचा नाच

वारली चित्रातला तो प्रसिद्ध गोल, शंखासारखा आत वळत जाणारा, तो तारपा नाच. तारपा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि सांधे बुजवायला मेण. सगळं वाद्य पाड्याच्या आसपास उगवलेलं. काही तारपे तर वाजवणाऱ्याच्या कमरेच्या खाली पोचतात. नवं भात आलं की तारप्याचे दिवस.

वाजवणारा मधे, नाचणारे एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून त्याच्याभोवती फिरतात. रिवाज असा की तारपावाल्याकडे पाठ करायची नाही. तो वळेल तसं सगळ्यांनी वळायचं. त्यामुळे रांग आपोआप गुंडाळत जाते आणि पुन्हा उलगडते. चित्रातला तो गोल कुणा कलाकाराची कल्पना समजू नका. वरून बघितलं तर नाच खरोखर तसाच दिसतो. ड्रोन यायच्या कितीतरी आधी हे 'वरून' वारल्यांच्या भिंतीवर होतं.

चालणारा साहेब आला

१९८९ साली पॅरिसच्या पोंपिदू केंद्राने एक मोठं आणि वादग्रस्त प्रदर्शन भरवलं, 'माजिसियँ द ला तेर', म्हणजे पृथ्वीचे जादूगार. जगभरातले शंभराहून अधिक कलावंत, नामवंत आधुनिक चित्रकार आणि खेड्यापाड्यांतले कारागीर एकाच मांडवात. म्हसे त्यात होते. रिचर्ड लाँग हा ब्रिटिश कलावंतही होता.

हा लाँग भलताच प्रकार आहे. त्याची कला म्हणजे चालणं. १९६७ मध्ये त्याने एका कुरणात गवत दबून रेघ उमटेपर्यंत येरझाऱ्या घातल्या, त्या रेघेचा फोटो काढला आणि कलेच्या इतिहासात जागा पटकावली. पुढे दगडांची वर्तुळं, चिखलाच्या हाताने रंगवलेल्या भिंती, असं बरंच. १९८९ चा टर्नर पुरस्कार त्याचाच.

तर वारल्यांच्या चित्रांवर जीव लावलेला फ्रेंच अभ्यासक एर्वे पेर्द्रिओल याने या दोघांची गाठ घातली. लाँग वारल्यांच्या मुलखात आला, आणि २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्टपालास्ट संग्रहालयात दोघांचं मिळून प्रदर्शन झालं. पुढच्या वर्षी मिलान. एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याला वारली येत नाही. माती, रेघ आणि वर्तुळ दोघांनाही येतं. नजर चालती ठेवून निसर्ग काढणारा माणूस आणि पायांनी निसर्गावर रेघ काढणारा माणूस, अशी जोडी कुणाला सुचली हेच मोठं. हा मान जर निसर्गचित्रकाराचा नसेल, तर मग कुणाचा?

मायदेशीही दखल घेतली गेली, जरा सावकाश. १९९८ मध्ये दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये ज्योतींद्र जैन यांनी 'अदर मास्टर्स' प्रदर्शनात पाच लोक-आदिवासी कलावंत नावानिशी मांडले, त्यांत गंगादेवी, जनगढसिंह श्याम यांच्याबरोबर म्हसे. २००२ मध्ये शिल्पगुरू. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार. मग पद्मश्री.

फटाफट

म्हशांनी घर न हलवता राज्य आणि जिल्हा दोन्ही बदलले. कळंबीपाडा आधी मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. जिल्हा ठाणे, तो १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर.

जपानमधल्या निगाता भागात, भरपूर बर्फ पडणाऱ्या तोकामाची गावात, 'मिथिला म्युझियम' आहे. एका बंद पडलेल्या शाळेत. नाव मिथिलेचं, पण आत वारली चित्रंही आहेत आणि म्हशांची चित्रं त्यांत आहेत. डहाणूची उन्हं तिथे बर्फात जपलेली.

२०१० च्या दिवाळीत कोका-कोलाने जाहिरातीसाठी वारली आकृत्या वापरल्या. ताडीच्या मुलखातली माणसं, बाटली मात्र भलतीच.

२०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर दोनेक वर्षांत डहाणू-घोलवडच्या चिकूलाही. त्या चिकूच्या वाड्या उभ्या करण्यात इराणी बागायतदारांचा मोठा हात.

विवळवेढ्याचा महालक्ष्मीचा डोंगर अहमदाबाद महामार्गावरून दिसतो, उभा सुळका. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत त्या सुळक्यावर ध्वज लावायचा मान वाघाडी गावच्या पुजाऱ्याचा, आणि तो चढतो मध्यरात्री. वारली त्रिकोण डोंगरावरून आला असं म्हणतात, ते या सुळक्याकडे बघून लगेच पटतं.

फोटोत जे मावलं नाही

म्हशांचे मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार, आणि गंजाड म्हणजे आता चित्रकारांचं गाव. त्यांतल्या राजेश वांगड यांचा किस्सा या लेखात हवाच. २०१३ मध्ये दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल गंजाडला आल्या, वांगड यांच्या घरी उतरल्या. वांगड त्यांना एकेका जागी घेऊन जात आणि तिथे काय काय घडलं ते सांगत. गिल फोटो काढत. दिल्लीला परत जाऊन फोटो बघितले तर माळ, झाड, टेकडी सगळं होतं, आणि सांगितलेलं काहीच नव्हतं.

मग उपाय निघाला. ते कृष्णधवल फोटो वांगड यांच्याकडे आले आणि त्यांनी त्यावरच बारीक वारली रेघांनी काढायला घेतलं: देव, दुष्काळ, दंगेधोपे, तोडलेली झाडं, कारखाने, आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी. मोकळं आकाश आणि उजाड माळ माणसांनी भरून गेले. ही 'फील्ड्स ऑफ साइट' मालिका पुढे जगभर फिरली. कॅमेऱ्याला जागा दिसते, वारल्याला तिथे राहणारे दिसतात, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या चित्रात मी पाहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. चौक काढणाऱ्या सवाशिणींची कला कागदावर आली, पैसा आला, पुरस्कार आले, आणि यादीत नावं बहुतेक पुरुषांची. म्हशांचा दोष नाही, त्यांनी तर एकट्याने वाट पाडली. पण ज्या आयाबहिणींच्या हातांनी हे व्याकरण घडलं त्यांच्यापैकी एकीचंही नाव सांगता येत नाही, आणि हा दोष वारल्यांपेक्षा बाजाराचा जास्त आहे.

कायद्याने राखलेला देखावा

निसर्गचित्रकाराला आधी निसर्ग लागतो. डहाणू त्या बाबतीत नशीबवान, किंवा चिवट म्हणा. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. प्रदूषण करणाऱ्या 'लाल' वर्गातल्या उद्योगांना बंदी. तरी ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र इथे आहेच, सुमारे २७५ मीटर उंच धुराड्यासकट. डहाणूच्या चित्रातली सगळ्यात उंच उभी रेघ तीच. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे पहिले अध्यक्ष. मुंबई आणि वापी या दोन उद्योगी शेजाऱ्यांमध्ये इतकी हिरवळ टिकली ती उगीच नाही.

आता पुढचं पान उलटतंय. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं, मंजूर खर्च ७६,२२० कोटी रुपये. मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षांचा. बुलेट ट्रेनचा मार्गही याच जिल्ह्यातून जातो. गंजाडच्या चित्रांत ओढे आणि मुंग्यांशेजारी ही मंडळी आल्यास नवल वाटायला नको. जे समोर हलतं ते काढायचं, हा तर म्हशांचाच रिवाज.

जायचं असेल तर सोपं आहे. १६ एप्रिल २०१३ पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते, चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटर. पावसाळा सरता सरता जा, भात पोटरीला आलेलं असतं आणि डोंगर अजून हिरवे असतात. गंजाडला चित्रं मिळतील, पोस्टकार्डाएवढी आणि भिंतीएवढीही. घासाघीस करू नका. आणि घेतलेल्या चित्रामागे ते काढणाऱ्याचं, विशेषतः काढणारीचं, पूर्ण नाव आणि पाड्याचं नाव तिथल्या तिथे लिहून घ्या.